ब्रेसेस लावल्यावर दात-हिरड्यांचं शिणशिणणं: किती सहन करायचं?

चिंचगुळी

ब्रेसेसवर इथे आधी चर्चा झाली आहे, पण ती सगळी शाळकरी पोरांची. मी चाळिशी ओलांडलेली, राहते ठाण्यात, रोज लोकलने फोर्टला जाते. खालचे पटाशीचे दात एकमेकांवर चढले होते, त्यांच्यामागे कायम कीटण साचायचं. म्हणून यंदा उन्हाळ्यात धीर करून तारा बसवून घेतल्या. सासूबाई म्हणाल्या, "आता या वयात कोणाला दाखवायचेत?" असो.

तार घट्ट केली की दोन-तीन दिवस चावता येत नाही हे आधीच सांगितलं होतं, ते दिवस मी वरणभातावर काढते. तक्रार त्याची नाही. गेल्या काही आठवड्यांपासून वेगळंच सुरू झालंय. थंड पाण्याचा घोट घेतला की खालच्या एका दातात अशी सणक जाते की डोळ्यांत पाणी येतं. ऑफिसात एसीखाली बोलताना तोंडात हवा गेली तरी तेच. कोशिंबिरीत लिंबू पिळलेलं असलं तर सगळी खालची रांग आंबते. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं आणि त्या सणकणाऱ्या दाताची हिरडी खाली सरकल्यासारखी वाटतेय. दात शेजारच्यांपेक्षा लांब दिसतो.

डॉक्टर म्हणतात, "होतं असं, सेन्सिटिव्ह पेस्ट वापरा." बरे आहेत ते, पण घाईत असतात.

तर विचारायचं हे, की हे नेहमीचंच आहे का? हिरडी तारांमुळे सरकते का? आणि अजून वर्षभर तरी हे चालणार असेल तर काढून टाकाव्यात का? नवरा म्हणतो काढ. मी अर्धे पैसे भरून बसलेय.

टवाळ_आत्मा

अर्धे पैसे भरलेत ना, मग अर्धेच दात सरळ करून घ्या. वरचे करा, खालचे कोण बघतंय.

(दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

शेंगदाण्याचं_कूट

चिंचगुळी, सर्वात आधी टाळ्या. मी छत्तिसाव्या वर्षी लावल्या होत्या, त्यामुळे "मुलाच्या शाळेतल्या मीटिंगला आईलाच क्लिपा" हे सगळं झालंय.

माझ्या अनुभवावरून खाण्याचं सांगते, कारण तो पहिला आठवडा फार वाईट जातो. मऊ मुगाची खिचडी, सांजा, भाकरी दुधात नाहीतर आमटीत कुस्करून, पिकलं केळं, दहीभात (फ्रीजमधलं दही नको). कणीस खायचं तर दाणे सोलून वाफवून. पेरू, चिक्की, ऊस, कडक चकली आणि बर्फ चघळणं विसरा. दुखण्यापेक्षा ब्रॅकेट (दातावर चिकटवलेली, तार धरणारी चकती) निघून येतो ही भीती जास्त. निघालेल्या ब्रॅकेटसाठी पुन्हा अपॉइंटमेंट, पुन्हा अर्धी रजा.

आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही. तार ब्रॅकेटला धरून ठेवणारी पारदर्शक रबरं घेऊ नका! आपल्या स्वयंपाकातल्या हळदीने दुसऱ्या दिवशी पिवळीजर्द होतात. मी पुढच्या वेळेपासून करडी घ्यायला लागले.

दुखण्यासाठी मला पॅरासिटामॉल सांगितली होती, तीही तार बदलली त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी. थंड पाण्याचा त्रास मलाही झाला, पण एकाच दातात नव्हता. तुझ्या एकाच दाताचं मला जरा वेगळं वाटतंय. इथे डॉक्टर लोक आहेत, ते सांगतील.

दंतकथा

मी हिरड्यांची डॉक्टर, कोल्हापुरात दवाखाना. इथे बसून निदान होत नाही, त्यामुळे खालचं सगळं ढोबळ समजावं.

ब्रेसेसमध्ये "दात दुखतात" म्हणून येणाऱ्यांची दुखणी वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा. पेशंटही एकाच नावाखाली सांगतात आणि खरं सांगायचं तर गर्दीच्या वेळी आम्हीही एकाच नावाखाली ऐकतो.

तार बदलल्यावरचा ठणका हा दाताचा नसतोच. दात आणि हाडाच्या मध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. तारेचा दाब आला की एका बाजूला तो थर चेपतो, दुसऱ्या बाजूला ताणला जातो. चेपलेल्या बाजूचं हाड विरघळतं, ताणलेल्या बाजूला नवं बनतं. ओल्या मातीतला खांब हलवत हलवत सरकवावा तसा दात सरकतो. या सगळ्यासाठी तिथे थोडी सूज यावी लागते, आणि ती सूज दुखते. चार-सहा तासांनी सुरू होतं, दुसऱ्या दिवशी कळस, आठवड्याभरात उतरतं. चावताना दुखतं, थंडाने नाही. आयब्युप्रोफेन गटातल्या गोळ्या हीच सूज दाबतात, त्या बरेच दिवस घेतल्या तर दात सरकण्याचा वेग मंदावू शकतो, म्हणून बरेच ऑर्थोडॉन्टिस्ट (तारा लावणारे दातांचे डॉक्टर) पॅरासिटामॉल सुचवतात. एखादी घेतल्याने काही बिघडत नाही.

चिंचगुळी, तुमची थंडाची सणक ही वेगळी गोष्ट. दाताच्या वर इनॅमल असतं. त्याच्या आत डेंटिन, त्यात हजारो सूक्ष्म नळ्या आणि नळ्यांत द्रव. हिरडी सरकून मूळ उघडं पडलं की तिथे इनॅमलचं पांघरूण नसतं. थंड, हवा, आंबट, गोड, काहीही लागलं की नळ्यांतला द्रव हलतो आणि आतल्या नसेला कळतं. क्षणभर सणक, कारण संपलं की सणक संपली. हे दुखणं त्रासदायक पण घातक नाही.

रक्त येणं हे तिसरं प्रकरण. ते दातांचं नाही, हिरड्यांचं आहे. ब्रॅकेट आणि हिरडी यांच्यातल्या चिंचोळ्या पट्ट्यात जंतूंचा चिकट थर साचतो, हिरडी सुजते, सुजलेली हिरडी ब्रश लागला की रक्त सोडते. लोक घाबरून तिथे ब्रश लावायचंच सोडतात आणि सूज वाढते. उलटं करायचं असतं, तिथेच हळूवारपणे घासायचं.

आणि चौथं, ज्यासाठी थांबायचं नाही: गरम लागल्यावर कळ येणं, थंड संपल्यावरही अर्धा-एक मिनिट ठणकत राहणं, रात्री आपोआप जाग येण्याइतकं दुखणं, हिरडीवर पुळी येणं, दात काळपट पडणं. यातलं काही असेल तर पेस्टचा प्रयोग करत बसू नका, आत नसेला काहीतरी झालंय.

तुमच्या दाताबद्दल: खालच्या पटाशीच्या दातांवरचं हाड आणि हिरडी मुळातच पातळ असते. गर्दीतून बाहेर ढकललेल्या दातावर तर आणखी पातळ. तो दात सरळ करताना आणखी पुढे गेला तर हिरडी उतरू शकते. पण तारेच्या आधीपासूनच उतरलेली असणंही तितकंच शक्य आहे. तुमच्या डॉक्टरांनी उपचाराआधी फोटो, एक्स-रे आणि साचे घेतले असतील. ते मागा आणि आज आरशात दिसतंय त्याच्याशी ताडून बघा. निम्मं उत्तर तिथे आहे.

घाटमाथ्यावरचा

दंतकथा डॉक्टर, सविस्तर लिहिलंत, आभार. एक शंका. माझा मुलगा तेरा वर्षांचा. तार बदलली की तो गार पाण्याच्या गुळण्या करतो आणि म्हणतो बरं वाटतं. आई ओरडते, "गार पाण्याने दात दुखतात, मेल्या." हा इथला अगदी उलटा प्रकार. खोटं बोलतोय का? आइस्क्रीमसाठी बोलत असेल अशी दाट शंका आहे.

दंतकथा

आइस्क्रीमसाठी बोलत असला तरी खरं बोलतोय :-)

सुरुवातीच्या बारीक तारा बहुधा निकेल-टायटॅनियमच्या असतात, त्यातल्या काही उष्णतेवर चालणाऱ्या. गार झाल्या की लिबलिबीत होतात, तोंडाच्या उष्णतेला पुन्हा ताठ होऊन ओढायला लागतात. त्यामुळे गार पाण्याने काही काळ दाब उतरतो. उलट गरम चहाने काहींना ओढ वाढल्यासारखी वाटते. मुलाची मुळं झाकलेली आहेत म्हणून त्याला गार चालतं. चिंचगुळींचं मूळ उघडं आहे, त्यांना तेच गार पाणी तारेसाठी औषध आणि दातासाठी शिक्षा.

वितळलेलं_लोखंड

अवांतर आहे, पण धातूचा विषय निघाल्यावर गप्प बसवत नाही.

ही निकेल-टायटॅनियमची मिश्रधातू दातांसाठी शोधलेलीच नाही. अमेरिकी नौदलाच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर क्षेपणास्त्राच्या नाकाच्या टोपीसाठी उष्णता सोसणारा धातू शोधत होते, 1959 च्या सुमाराची गोष्ट. 1961 मध्ये एका बैठकीत या धातूची घड्या घातलेली पट्टी हातोहात फिरत होती. लोक वाकवून बघत होते. एका साहेबांनी खिशातला पाइप पेटवायचा लायटर काढून तिला धग दिली आणि घड्या आपोआप उलगडून पट्टी सरळ झाली! या मिश्रधातूच्या नायटिनॉल (Nitinol) या नावातली शेवटची तीन इंग्रजी अक्षरं (NOL) त्या प्रयोगशाळेची आद्याक्षरं आहेत. मग 1970 च्या दशकात आयोवा विद्यापीठातल्या जॉर्ज अँड्रिअसन यांनी ती तार दातांवर आणली. त्याआधी स्टीलच्या तारा होत्या, ज्या सारख्या वाकवून घ्याव्या लागत आणि एकदम जोर लावत.

म्हणजे घाटमाथ्यावरचा, तुमच्या चिरंजीवाच्या तोंडात क्षेपणास्त्राचं तंत्रज्ञान आहे. आईला सांगा जपून ओरडायला.

टवाळ_आत्मा

तरीच आमच्या शेजारच्या पिंट्याचं तोंड सुटलं की थांबत नाही.

माजघर

एवढं इंग्रजी औषधपाणी करण्यापेक्षा आमच्या आजीचे उपाय करून बघा. दुखऱ्या दातावर लवंग तेलाचा बोळा. सकाळी तिळाच्या तेलाचा गंडूष, म्हणजे तेल तोंडात धरून ठेवायचं. आठवड्यातून दोनदा राखुंडीने दात घासायचे, हिरड्या घट्ट होतात. आजी ऐंशीव्या वर्षी ऊस दाताने सोलून खायची. तेव्हा कुठे होत्या क्लिपा?

दंतकथा

माजघर, आजींना नमस्कार, त्यांचे दात चांगले होते यात वाद नाही. पण ज्यांचे वाईट होते त्या आज्या कवळी काढून बोलत असत, त्यांच्या गोष्टी आपण सांगत नाही.

तिळाच्या तेलाने किंवा कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरायला हरकत नाही, तार टोचून गालाला जखम झाली असेल तर मिठाच्या पाण्याने आरामही पडतो. फक्त ते ब्रशऐवजी नको. लवंग तेलातलं युजेनॉल बधिरपणा आणतं हे खरं, पण थेट बोळा ठेवला तर हिरडी भाजते, असे पेशंट मी पाहिलेत. शिवाय ब्रॅकेट चिकटवायच्या रेझिनला युजेनॉल नीट घट्ट होऊ देत नाही, त्यामुळे निघालेला ब्रॅकेट बसवायच्या दिवशी तरी ते नकोच.

राखुंडीला मात्र माझा ठाम विरोध. ती खरवडते. इनॅमल कठीण असल्यामुळे ते थोडंफार सोसतं, पण उघडं पडलेलं मूळ मऊ असतं, तिथे खाच पडते आणि सणक आणखी वाढते. लाल मंजन आणि कोळशाच्या पेस्टचंही तेच. आणि मशेरीबद्दल तर बोलायलाच नको. ती भाजलेली तंबाखू आहे. गावाकडच्या कितीतरी बायका "दात दुखतात म्हणून लावते" म्हणतात. तंबाखूमुळे हिरडीचं रक्ताभिसरण कमी होतं, त्यामुळे रक्त येत नाही आणि बाईला वाटतं हिरड्या सुधारल्या. आत हाड झिजत असतं.

माजघर

मशेरीचं मी म्हणाले नव्हते. राखुंडीचं घरी सगळ्यांना चालतं, एवढंच सांगितलं.

गोंयची_म्हावरेकान्न

मी पणजीची. ब्रेसेस आणि नुस्तें (मासे) यांचं वैर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. बांगड्याचा काटा तारेखाली जाऊन अडकला की दुसऱ्या दिवशीपर्यंत तिथली हिरडी फुगते. टाचणीने, सेफ्टी पिनेने काढायचा मोह होतो. काढू नका, हिरडीला भोक पडतं. मी पर्समध्ये छोटे बाटलीब्रश ठेवते, दोन ब्रॅकेटच्या मधून तारेखाली घालायचे. आणि एक जाड स्पंजासारखा दोरा मिळतो, त्याचं टोक कडक असतं, ते तारेखालून ओवता येतं. साधा फ्लॉस ओवताना माझे हात थरथरतात, राग येतो आणि मी सोडून देते.

पाण्याच्या फवाऱ्याचं मशीनही घेतलं. अन्नाचे तुकडे छान निघतात, पण ब्रशशिवाय नुसतं त्यावर राहिले तेव्हा हिरड्या पुन्हा सुजल्या. चिकट थर ते काढत नाही, असं आमच्या डॉक्टरबाई म्हणाल्या.

चिंचगुळीताई, सोलकढी आणि कोकम सरबत बंद केलंत का? मला त्यानेच जास्त आंबायचं. बंद करणं काही जमलं नाही. आता जेवणाबरोबरच पिते, दिवसभर घोट घोट घेत नाही, आणि प्यायल्यावर लगेच ब्रश करत नाही. अर्धा तास जाऊ देते. आंबटाने पृष्ठभाग मऊ झालेला असताना घासलं तर झीज होते म्हणे.

बर्लिनकर

इथे जर्मनीत माझ्या मुलीला लावल्यात. अठराच्या आतल्या मुलांना दातांचा वेडेवाकडेपणा ठरावीक श्रेणीच्या वर असेल तर सरकारी आरोग्य विमा पैसे देतो. गंमत म्हणजे पहिल्या मुलाचे वीस टक्के पालकांनी आधी भरायचे आणि उपचार पूर्ण केले तरच ते परत मिळतात. मध्येच सोडलं तर गेले. त्यामुळे इथली पोरं "दुखतंय, काढून टाका" म्हणाली की आईबाप एकदम तत्त्वज्ञ होतात.

मोठ्यांना मात्र जबड्याच्या शस्त्रक्रियेइतकं गंभीर असेल तरच. बाकी स्वतःच्या खिशातून. म्हणून माझे वाकडे तसेच आहेत.

सडेतोड

मला कळत नाही, चाळिशीनंतर ही हौस कशाला? दात हलवायचे, हिरड्या सुजवायच्या, दुखलं की इथे चर्चेचा धागा काढायचा. निसर्गाने दिलेत तसे ठेवावेत.

शेंगदाण्याचं_कूट

सडेतोड, धागा वाचलात का? तिने पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय की दातांमागे कीटण साचत होतं. माझेही हौशीसाठी नव्हते. वरचा सुळा आत वळून खालच्या हिरडीवर आदळत होता. आणि समजा हौस असली, तरी? लोक चाळिशीत गुडघे दुखत असताना मॅरेथॉन पळतात, त्यांना कोणी विचारत नाही.

सडेतोड

मॅरेथॉनवाल्यांनाही मी हेच विचारतो.

दंतकथा

मोठ्यांच्या बाबतीत वय आड येत नाही, हिरड्यांचा आजार येतो. हाड आधीच झिजलेलं आणि हिरडी सुजलेली असताना तारा ओढल्या तर नुकसान वेगाने होतं. म्हणून तिशी-चाळिशीत तारा बसवण्याआधी हिरड्यांची तपासणी आणि सफाई झालीच पाहिजे. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी. एवढं सांभाळलं तर साठीतही दात हलवता येतात.

भटका_जोगी

माझा अनुभव थोडा वेगळा, म्हणून लिहितोय. खालच्या दाढेवर चावताना इतकं दुखायचं की मी एका बाजूने जेवायला लागलो होतो. सगळे म्हणत ब्रेसेसमुळे होतं. एका ठिकाणी तर तारा काढून टाकायला सांगितल्या. दुसरीकडे दाखवलं तर कळलं की वरच्या दातांनी खालचे ब्रॅकेट तोडू नयेत म्हणून दाढांवर निळ्या रंगाचे उंचवटे लावतात ना, त्यातला एकच आधी टेकत होता. सगळा जोर त्या एका दाढेवर. किंचित घासून सारखा केला आणि आठवड्यात दुखणं थांबलं. तारा आजही आहेत.

त्यामुळे चिंचगुळी, काढायच्या आधी दुसऱ्या ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवा. आणि खात्री करून घ्या की तो खरंच ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एमडीएस आहे. म्हणजे दंतवैद्यकाच्या बीडीएस पदवीनंतर तीन वर्षं हाच विषय शिकलेला. बरेच साधे दवाखानेही तारा लावतात.

खडीसाखर

+१. आणि पैशाचा प्रश्न असेल तर सरकारी दंत महाविद्यालयांचा विचार करा. मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय, मुंबई सेंट्रलला पालिकेचं नायर, शिवाय नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोव्यात बांबोळी. एमडीएसचे विद्यार्थी करतात, वर प्राध्यापक बघतात. वेळ जातो, सकाळी रांगेत बसावं लागतं, पण हिरड्यांचा विभाग त्याच इमारतीत असतो, त्यामुळे "हे माझ्याकडे नाही" अशी टोलवाटोलवी होत नाही. निदान दुसरं मत घ्यायला तरी जाऊन यावं.

घाटमाथ्यावरचा

पेस्टचं कोणी सांगेल का? आमच्या घरी पाच प्रकारच्या आहेत, सगळ्यांवर "सेन्सिटिव्ह" लिहिलंय.

दंतकथा

नावाकडे बघू नका, मागे बारीक अक्षरांत बघा. पोटॅशियम नायट्रेट असेल तर ते आतल्या नसेला शांत करतं, पण त्याचा परिणाम साचत जातो. दोन ते चार आठवडे रोज दोनदा लावल्यावर फरक कळतो. लोक चार दिवसांत "काही होत नाही" म्हणून ट्यूब बदलतात. स्टॅनस फ्लोराइड किंवा आर्जिनिनवाल्या पेस्ट नळ्यांची तोंडं बंद करतात. दुखऱ्या जागेवर बोटाने लावून थोडा वेळ ठेवा, नंतर थुंका, पण खळखळून चूळ भरू नका, नाहीतर लावलेलं सगळं बेसिनमध्ये.

फ्लोराइड आहे का हे जरूर बघा. आपल्याकडे पेस्टमध्ये 1000 पीपीएमपर्यंतच परवानगी आहे आणि ते छापलेलं असतं. ब्रेसेसमध्ये फ्लोराइड नसलेली पेस्ट वापरणं मला धोक्याचं वाटतं, कारण ब्रॅकेटभोवती थर राहिला तर महिन्याभरातही पांढरे डाग दिसायला लागतात. ती किडीची पहिली पायरी. तारा निघाल्यावर दात सरळ आणि प्रत्येकावर पांढरी चौकट, असं झालेलं बघवत नाही.

क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश स्वतःहून सुरू करू नका. हिरड्यांना चांगला, पण दोन आठवड्यांच्या पुढे नेला तर दात तपकिरी पडतात आणि जेवणाची चव जाते.

टवाळ_आत्मा

चव जाते? बायकोच्या माहेरी जाताना उपयोगी पडेल. डोस सांगा.

चिंचगुळी

मंडळी, उशिरा येतेय, ऑफिसात ऑडिट होतं. सगळ्यांचे आभार, सडेतोड यांचेही.

दंतकथा डॉक्टर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे सुरुवातीचे फोटो मागितले. आमच्या डॉक्टरांनी ते कॉम्प्युटरवर उघडले आणि आम्ही दोघं गप्प! त्या दाताची हिरडी तेव्हाही खालीच होती. दात तिरका होऊन शेजारच्याच्या मागे अर्धा लपला होता म्हणून आरशात दिसायची नाही. आता दात ओळीत आल्यावर उघडी पडली. थोडी आणखी उतरली आहे का, यावर मात्र डॉक्टर "नाही" म्हणाले आणि मला पूर्ण पटलं नाही.

म्हणून हिरड्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बारीक मापपट्टी घालून प्रत्येक दाताभोवती मोजलं. त्यांचं म्हणणं, सणक उघड्या मुळाची आहे, नस ठीक आहे. रक्त येतंय ते थरामुळे, आणि त्या दाताचा पुढचा भाग आणखी बाहेर जाणार नाही याची काळजी ऑर्थोडॉन्टिस्टने घ्यायला हवी. तसं पत्र दिलंय. सफाई केली, दर तीन महिन्यांनी यायला सांगितलंय. अगदी मऊ ब्रश, आडवा रगडायचा नाही. सहा महिन्यांनी पुन्हा मोजणार. उतरतच राहिली तर टाळूची थोडी त्वचा घेऊन तिथे लावतात म्हणे. ते ऐकल्यावर मी विषय बदलला.

सफाईनंतर पहिले काही दिवस सणक वाढली होती, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मशिनने घासून दात पातळ केले." दंतकथा, असं होतं का? आता मात्र फरक आहे. माठातलं पाणी पिऊ शकते, फ्रीजमधलं अजून नाही.

तारा काढत नाहीये.

दंतकथा

छान बातमी. सफाईत दात पातळ होत नाहीत. मुळावर बसलेला कीटणाचा जाड थर निघाला की मूळ एकदम उघडं पडतं आणि सूज उतरल्यावर हिरडीही थोडी आक्रसते, म्हणून काही दिवस जास्त लागतं. पत्राची प्रत ठेवा. ऑर्थोडॉन्टिस्टला नुसतं देऊ नका, पुढच्या तारेच्या वेळी "या दातासाठी काय बदललंत?" असं विचारा.

टाळूच्या त्वचेला घाबरू नका. पिझ्झ्याने टाळू भाजते तेवढंच काही दिवस जाणवतं. पण ते आत्ता नाही, आधी माप बघू द्या.

गोंयची_म्हावरेकान्न

ताई, बाटलीब्रश घेतलात का? मापं वेगवेगळी असतात.

चिंचगुळी

घेतले. मोठे घेतले बहुतेक, जातच नाहीत.

गोंयची_म्हावरेकान्न

जोर लावायचा नाही. ढकलावा लागला तर एक माप लहान घ्या. खालच्या पुढच्या दातांना सर्वात बारीक, दाढांकडे जरा जाड. दोन वेगळी पाकिटं लागतात, दुकानदार एकच देतो.

घाटमाथ्यावरचा

आमच्या चिरंजीवांनी हा धागा वाचला. आता तार बदलल्यावर "वैद्यकीय कारणास्तव" कुल्फी मागितली आहे, आणि आईला नायटिनॉलचा इतिहास ऐकवला. तिने विचारलंय की तारा निघाल्यावर हा छळ संपेल का, की पुढे काही आहे?

शेंगदाण्याचं_कूट

पुढे रिटेनर आहे. तोंडात बसवायचा साचा, सुरुवातीला जवळजवळ दिवसभर, नंतर रात्री. माझे खालचे दात मागून बारीक तारेने कायमचे बांधलेत, तिथे पुन्हा तोच ओवायचा दोरा. रिटेनर सोडला की दात परत फिरतात. आणि जेवताना तो कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवायचा नाही, हे मुलाला आत्ताच सांगून ठेवा. हॉटेलच्या कचऱ्यात गेलेले रिटेनर शोधणारे आईबाप मी डोळ्यांनी पाहिलेत. डबी मिळते, भडक रंगाची घ्या.